हिंदी कीबोर्डवर मराठी लिहिताना ऱ्य, ॲ, ₹ नीट कसे टाकायचे (आणि वेबपेजच्या कोडमध्ये पण)

आपल्याकडे इंदूरला बहुतेकांच्या फोनात हिंदी कीबोर्डच असतो, त्याच्यावरच आपण मराठी पण लिहितो, मग दऱ्याखोऱ्यांचं दर्याखोर्यां होतं आणि ॲ तर सापडतच नाही. मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेत असं छापलेलं बघितलं की खरंच वाईट वाटतं, कारण हे नीट करणं अवघड नाहीये.

फोनमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी ॲड करून टाका. कॉम्प्युटरवर हिंदी इनस्क्रिप्ट (देवनागरीचा स्टँडर्ड कीबोर्ड लेआउट) असेल तर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, शिफ्ट आणि एन दाबलं की ळ, वेगळं काही टाकावं लागत नाही. ऱ, मग हलंत, मग य, झालं ऱ्य. साधा र घेतला तर रफार होऊन वर चढतो.

आता ॲ, ह्याच्याकडे जास्त लक्ष द्या. हे युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर देणारी पद्धत) २००८ साली एक अख्खं अक्षर म्हणून आलं, त्याच्या आधी लोक अ टाकून त्याच्यावर चंद्र द्यायचे आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण कॉम्प्युटरसाठी ती वेगवेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे पेजवर ‘ॲडमिशन’ एका पद्धतीनं लिहिलंय आणि कोणी दुसऱ्या पद्धतीनं शोधलं तर साधा सर्च रिकामाच येऊ शकतो. ओळखायचं कसं? अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा, नुसता चंद्र उडाला आणि अ राहिला तर ते जोडकाम आहे. फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे एकच ॲ करून घ्या.

वेबपेजमध्ये सगळ्यात आधी मेटा चारसेट युटीएफ-८ (<meta charset="utf-8">, पेज युनिकोडमध्ये आहे हे ब्राउझरला सांगणारी ओळ) लिहा आणि फाइल पण युटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, मग ₹ काय नि ऱ्य काय, सरळ टाइप केलं तरी चालतं, कोडची गरजच नाही. तरी कुठे डबे दिसले तर आधी फॉन्ट बदलून बघा. कीबोर्डवर चिन्हच नसेल तर हे कोड वापरा:

₹ साठी ₹
ॲ साठी ॲ
ऱ साठी ऱ

शेवटचा अर्धविराम सोडू नका आणि आकडे इंग्रजीच ठेवा, ८३७७ लिहिलं तर ब्राउझरला कळत नाही. सीएसएसमध्ये (पेजचं रूप ठरवणारा कोड) मात्र हिशोब वेगळा, तिथे हेक्साचा (सोळाच्या पटीतला) आकडा लागतो. ★ हा एचटीएमएलमध्ये (पेजच्या मूळ कोडमध्ये) ★ आहे पण सीएसएसच्या कंटेंटमध्ये "\2605", आणि तिथे चुकून "\9733" टाकलं तर ताऱ्याच्या जागी चिनी अक्षर येतं!

फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो युनिकोड नाहीये, तसाच पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग प्रत्येक ऱ्य, ॲ, ळ स्वतः डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टरच्या भरवशावर छापायला देऊ नका.