हिप्परग्याच्या काठावरून समुद्राच्या गाजेकडे

सोलापुरात समुद्र नाही. पण लाटांच्या ध्वनिमुद्रणाचा सराव तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावाकाठी करता येतो, आणि माझ्या मते कोकणात जाण्याआधी तो करावाच. आषाढातला पश्चिमेचा वारा तलावावर लाटा उठवतो आणि तोच मायक्रोफोनवर आदळून मुद्रण बिघडवतो. फोमचे साधे आवरण त्याच्यापुढे टिकत नाही, म्हणून लांब केसांचे फरचे आवरण चढवावे आणि रेकॉर्डर छोट्या ट्रायपॉडवर गुडघ्याच्या खाली ठेवावा, कारण जमिनीलगत वारा मंद असतो. बसायला सोलापुरी चादर अंथरावी. प्लॅस्टिकची चटई प्रत्येक हालचालीला कुरकुरते.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिटवर (प्रत्येक नमुन्याच्या मोजणीची बारकाई) करावे. आवाजाची स्वयंचलित पातळी मात्र आठवणीने बंद करावी. ती दोन लाटांमधली शांतता वर उचलते आणि लाटेचा चढ-उतारच नाहीसा होतो. सर्वांत मोठी लाट रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्याच्या वर आवाज फाटतो) राहील अशी पातळी हाताने लावावी.

तलाव आणि समुद्र यांच्या आवाजातला फरक कानांनी ओळखायला शिकावे. फुटणाऱ्या लाटेचा आवाज मुख्यतः पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो: सुमारे ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा १ किलोहर्ट्झच्या आसपास निनादतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका स्वर उंच. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, ते बारीक आणि असंख्य राहतात. म्हणून समुद्राच्या फेसाला जी सळसळ असते ती हिप्परग्याला नसते.

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर गेल्यास मागच्या सुरूच्या झाडांपासून दूर राहावे, कारण सुरूतून वाहणारा वारा लाटांसारखाच ऐकू येतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. लांबून मुद्रण केल्यास सगळ्या लाटांची एकच सपाट घरघर होते. पाण्याच्या कडेपासून काही पावलांवर लाटेचे फुटणे, पसरणे आणि वाळूतून परतणे वेगवेगळे उमटते. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. ओहोटी लागल्यावर, शक्यतो पहाटे, सुरुवात करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खडकांवर उभे राहू नये आणि समुद्राकडे पाठ करू नये.

एका जागी दहा मिनिटे न हलता मुद्रण करावे, सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि भरतीची वेळ बोलून ठेवावी. परतल्यावर रेकॉर्डर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने त्याच दिवशी पुसावा.