घरातलं माणूस गेल्यावर लागलेली दारू सोडताना

बायको गेली तेव्हा मी 51 वर्षांचा होतो. तेराव्याच्या रात्री एक नातलग म्हणाला, "थोडी घे, झोप तरी लागेल." झोप लागली. मग रोज नाइंटी (90 मिली), पुढे नाइंटीची क्वार्टर (180 मिली) झाली. वर्षश्राद्धाला पिंडाला हात लावताना माझे हात थरथरत होते. ज्यांची दारू अशी मरणानंतर वाढली, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रोज पीत असाल तर घरच्या घरी, एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, घाम, ताप सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. मी देवापुढे शपथ घेऊन बंद केली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या आणि मी केरसुणी घेऊन त्या झाडत बसलो. मुलीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती? मी म्हणालो, एक क्वार्टर. मुलगी मागून म्हणाली, "तीन, डॉक्टर." खरा आकडा सांगा, औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय.

घरच्यांना एक विनंती. पिणाऱ्याच्या नकळत आमटीत दारू सोडवायची गोळी मिसळू नका. ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी घसरतं, जिवावर बेतू शकतं. ही गोळी डॉक्टरांनी द्यायची आणि घेणाऱ्याने समजून घ्यायची.

आता अवघड भाग. दारू उतरली आणि बायको आठवायला लागली. कालनिर्णयवर दुधाचे खाडे ती लिहायची. ते पान मी उलटलंच नव्हतं. 'अर्धा लि. कमी' हे तिचं अक्षर बघून, दवाखान्यातून आल्यावर विसाव्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. दारूने दुःख संपवलं नव्हतं, नुसतं थांबवून ठेवलं होतं. तुमचंही उसळेल. औषध लागू पडत नाही असं समजून बाटलीकडे जाऊ नका, हे रडणं यायचंच होतं.

एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या, मीटिंगला जा. फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, पहिल्या दिवशी बोललं नाही तरी चालतं. पण गेलेल्या माणसाबद्दल घरातही बोला. मी आणि मुलीने वर्षभर तिचं नाव काढलं नव्हतं. आता रविवारी संध्याकाळी आम्ही तिची कपाटं आवरतो. एका वेळी एकच कप्पा.

माझी वाईट वेळ संध्याकाळी साडेसहाची, दुकानाचं शटर ओढल्यावर. मी रस्ता बदलला आणि आधी पोटभर खाऊन निघतो. रिकाम्या पोटी तलफ जोरात येते.

तिथी, पितृपक्ष, तिचा वाढदिवस, दिवाळी: या दिवसांची तयारी आठवडाभर आधी करा, सकाळपासून कुणीतरी सोबत हवं. दारू सोडल्यावरच्या पहिल्या पितृपक्षात मी घसरलो, कारण एकटा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रुपमधल्या माणसाला फोन केला. लपवलं असतं तर आठवडा गेला असता. जगणं नको वाटायला लागलं तर 14416 वर, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, रात्रीसुद्धा फोन लागतो.

परवा तिची तिसरी तिथी. भाऊ आदल्या रात्रीच मुक्कामाला येतोय.