वृत्त जमलं, पण ओळ खोटी निघाली

कवितेच्या तंत्राबद्दल वाचायला लागले तेव्हा होस्टेलवर माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर ओळी, उजव्या पानावर त्यांच्या लघु-गुरूच्या खुणा. उजवं पान कायम नेटकं असायचं. डाव्या पानाकडे मात्र मी वर्षभर नीट पाहिलंच नाही. तुम्ही आत्ता कुठे सुरुवात करत असाल, तर हे तुमच्यासाठी.

गण, मात्रा शाळेत झालेलं असतं, 'यमाताराजभानसलगं' पाठ असतं, म्हणून त्यात शिरत नाही. एकच सांगते. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा नियम डोळे मिटून लावू नका. 'सत्य' म्हणताना 'स'वर आघात येतो, तो गुरू. 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर आघात येत नाही, तो लघूच राहतो. आधी ओळ मोठ्याने म्हणा, मग पेन्सिल घ्या. मी उलटं केलं आणि चांगल्या ओळी चुकीच्या समजून खोडल्या.

माधव जूलियनांची 'छंदोरचना' ग्रंथालयात मिळाली तर नक्की घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट धरू नका. मला त्यातून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छंद, जाती आणि वृत्त यांतला फरक. छंदात अक्षरं मोजायची, जातीत मात्रा, आणि वृत्तात लघु-गुरूचा क्रमच ठरलेला. हे कळेपर्यंत मी अभंगात गण शोधत होते! मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं, तिथे गण सापडणार कुठून?

आता ज्यात मी अडकले ते.

भुजंगप्रयात हे वृत्त मला आवडायचं, कारण लहानपणी रोज संध्याकाळी मनाचे श्लोक म्हटलेले. लगागा, म्हणजे लघु-गुरू-गुरू, चार वेळा, बारा अक्षरं, चाल कानात बसलेली. त्यात मी आईवर ओळ लिहिली:

घरी एकटी आज ती माय राहे

मोजून बघा, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी ती चौघींना म्हणून दाखवली. सगळ्या 'व्वा' म्हणाल्या.

पण शब्द एकेक करून बघा. 'आज' का? बाबा गेल्यापासून तीन वर्षं आई एकटीच राहते, आजचा काही संबंध नाही. तिथे गुरू-लघू हवे होते म्हणून 'आज' आला. 'ती' नुसती जागा भरायला. 'माय' का? आमच्या घरात कुणी माय म्हणत नाही, आम्ही आईच म्हणतो. पण 'आई' दोन्ही गुरू, तिथे बसेना. आणि 'राहे' तर मी जन्मात कधी बोललेले नाही. सात शब्दही नाहीत ओळीत, त्यातले चार वृत्ताने माझ्याकडून लिहून घेतले. याला जुने लोक भरीचे शब्द म्हणतात. 'च', 'रे', 'हा', 'तो', 'ना', 'अहा' हे पटकन ओळखू येतात. खरा धोका 'आज'सारख्या शब्दाचा आहे. तो अर्थ असल्यासारखा दिसतो आणि ओळीत खोटं पेरून जातो.

दुसऱ्या वेळी लिहिलं: 'घरी एकटी राहते फक्त आई'. 'आई' आली, 'राहते' आलं, वृत्तही नीट. पण एकटी म्हटल्यावर 'फक्त' कशाला? पुन्हा भर. मी रडकुंडीला आले होते, हे लपवत नाही. वाटलं, वृत्त आपल्यासाठी नाहीच.

गझल लिहिणाऱ्यांनाही हेच होतं. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचून रदीफ (शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द), काफिया (त्याआधीचं यमक), अलामत (यमकात सारखा राहणारा स्वर) हे समजतं, ती वाचाच. पण काफियांची यादी आधी करून तिच्यावर शेर बेतू नका. मोबाइलवर यमकं शोधून देणारी साधनं तर मी सरळ काढून टाका म्हणेन. ती शब्द देतात, तो तुमचा आहे का हे विचारत नाहीत.

शिकवणाऱ्यांबद्दलही माझं ठाम मत आहे. 'वृत्त शिकलात की कविता मरते' म्हणणारे एक भेटले, आणि फक्त मात्रा मोजून वही परत करणारे दुसरे. दोघांपासूनही लांब राहा. शब्दावर बोट ठेवून 'हा इथे का?' एवढंच विचारणारं माणूस शोधा. मला ते कॉलेजात नाही, ग्रंथालयात शेजारी बसणाऱ्या एका सीनियर मुलीत सापडलं. आणि मुक्तछंदात काही शिकावं लागत नाही असं कुणी म्हणालं तर कवी अनिल आठवा. मुक्तछंदासाठी ते भांडले आणि त्यांनीच दहा ओळींची बांधीव दशपदीही घडवली.

घाबरू मात्र नका. मोजण्याची सवय दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडते, बोटं आपोआप थांबतात. सुरुवातीच्या ओळी फाडू नका, तारीख घालून ठेवा.

माझी ओळ सुटली ती फोनवर. रविवारी आईशी बोलत होते. ती म्हणाली, "सात वाजले की दार लावून घेते गं मी." फोन ठेवला आणि वही उघडली.

घरी एकटी दार लावून आई

बारा अक्षरं, लगागा चार वेळा. यातला एकही शब्द मी वृत्तासाठी आणलेला नाही. दुसरी ओळ तीन आठवडे झाले तरी जमत नाहीये. त्यात 'मंद ज्योती' आली होती, ती खोडली. आईच्या खोलीत ट्यूबलाइट आहे.