कॉर्प्स नव्हे, कोअर: हा लष्करी शब्द कसा वाचावा, कुठे वापरावा

सी-ओ-आर-पी-एस ही अक्षरं दिसली की हमखास ‘कॉर्प्स’ लिहिलं जातं. शब्द फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ ‘शरीर’. त्यातले पी आणि एस उच्चारात येतच नाहीत. म्हणायचं ‘कोअर’, चंद्रकोरीतल्या ‘कोर’च्या अगदी जवळ. शेवटी ई लागला तरच पी-एस ऐकू येतात, आणि तेव्हा अर्थ होतो मृतदेह. म्हणून एनसीसीचं नाव सांगताना ‘नॅशनल कॅडेट कॉर्प्स’ म्हणू नये. इंग्रजीत अनेकवचनाचं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार ‘कोअर्झ’ होतो. मराठीत ‘दोन कोअर’ पुरे.

खरी गल्लत होते ती अर्थात, कारण भारतीय लष्करात हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लागतो.

पहिली म्हणजे लढाऊ रचना. साधारण तीन बटालियनची ब्रिगेड, तीन-चार ब्रिगेडची डिव्हिजन आणि दोन ते चार डिव्हिजन मिळून एक कोअर. तिचा प्रमुख लेफ्टनंट जनरल असतो. श्रीनगरची १५ कोअर (चिनार), लेहची १४ कोअर, भोपाळची २१ कोअर ही उदाहरणं. हजारो सैनिकांच्या या रचनेला ‘लष्कराची १५ वी तुकडी’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर शे-दोनशे जवान उभे राहतात. ‘तुकडी’ इथे टाळाच. क्रमांक रोमन आकड्यांत असेल, म्हणजे एक्स आणि व्ही, तर तो ‘पंधरा’ वाचायचा.

दुसरी म्हणजे कामानुसार केलेली शाखा: कोअर ऑफ इंजिनिअर्स, कोअर ऑफ सिग्नल्स, आर्मी मेडिकल कोअर. अहिल्यानगरला प्रशिक्षण केंद्र आहे ते रणगाड्यांच्या आर्मर्ड कोअरचं. पण प्रत्येक शाखा कोअर नसते. देवळालीला स्कूल असलेल्या तोफखान्याचं अधिकृत नाव रेजिमेंट ऑफ आर्टिलरी आहे. तिथे ‘आर्टिलरी कोअर’ लिहिणं चूक.

ओळखायचं कसं? आधी क्रमांक असेल तर रचना, कामाचं नाव असेल तर शाखा. ‘कोअर ऑफ इंजिनिअर्सचे मेजर १४ कोअरमध्ये आहेत’ या वाक्यात दोन्ही आहेत: पहिली त्यांचं काम सांगते, दुसरी त्यांची नेमणूक. अनुवाद करताना पहिलीला ‘अभियंता शाखा’ म्हणता येईल. दुसरीचं भाषांतर करू नये, ‘१४ कोअर’च ठेवावं.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. ‘कोअर कमिटी’तला कोअर, म्हणजे गाभा, हा वेगळा शब्द; लिहिण्यात दोन्ही सारखेच. २०२० साली लडाखमध्ये चीनशी ‘कोअर कमांडर’ स्तरावर चर्चा सुरू झाली, तेव्हा भारताकडून बोलत होते ते लेहच्या १४ कोअरचे प्रमुख. ‘मुख्य कमांडर’ असा त्याचा अर्थ नाही. अशा बातमीत एकदा तरी ‘१४ कोअरचे प्रमुख’ असं पूर्ण लिहावं.

अमेरिकेची मरीन कोअर यांपैकी कशातच बसत नाही. ते स्वतंत्र सैन्यदल आहे. तिला शाखा किंवा डिव्हिजनांची रचना समजू नये.