जुनी अल्फा स्पायडर ‘ओरिजिनल’ आहे का? पाहताना या चुका टाळा

‘सगळं ओरिजिनल आहे’ असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटंच बोलत असतो असं नाही. त्याने गाडी घेतली तेव्हा ती जशी होती, तेच त्याच्या लेखी ओरिजिनल. त्याच्याआधीच्या चार मालकांनी काय काय बदललं, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीच्या स्पायडर या दोन सीटच्या, उघड्या टपाच्या गाडीच्या बाबतीत हा घोळ जरा जास्तच होतो. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली आणि १९९३ पर्यंत बनत राहिली. सत्तावीस वर्षांत चार पिढ्या आणि सुमारे १ लाख २४ हजार गाड्या झाल्या. मूळ सांगाडा मात्र जवळपास तोच राहिला. त्यामुळे १९७८ च्या गाडीचा भाग १९६७ च्या गाडीला फारशी कुरकुर न करता बसतो. ही गाडी चालती ठेवायला सोपी आणि ओळखायला अवघड आहे, ती याच कारणाने. मुंबईत पद्मिनीला फियाट ११०० चे भाग बसवणाऱ्या मिस्त्रींना हे वेगळं सांगायला नको.

प्रत्येक जुन्या स्पायडरला ‘डुएट्टो’ म्हणणं

नावासाठी कंपनीने स्पर्धा घेतली होती आणि ‘डुएट्टो’ हे नाव जिंकलंही. पण त्याच नावाचा एक खाऊ इटलीच्या बाजारात आधीच होता, म्हणून अधिकृत नाव ‘स्पायडर १६००’ असंच राहिलं. लोकांनी डुएट्टो म्हणायचं काही सोडलं नाही, आणि आज जाहिरातीत हा शब्द घातला की किंमत चढते. खरी डुएट्टो म्हणजे १९६६-६७ ची, १५७० सीसीची गाडी. त्यानंतर १७७९ सीसीची १७५० स्पायडर वेलोचे आली आणि १९६८ मध्येच तेराशेची ज्युनिअर.

या पहिल्या पिढीची शेपटी गोल आणि निमुळती. इटालियन लोक तिला ‘ओस्सो दी सेप्पिया’ म्हणतात. म्हणजे आपलं समुद्रफेन, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ते. कोकणच्या किनाऱ्यावर ते ज्याने उचललंय त्याला या गाडीचा आकार एका नजरेत कळेल, दोन्ही टोकांना गोल आणि मधे फुगीर. १९७० च्या मॉडेलपासून शेपटी सरळ छाटली गेली आणि पुढची काच जास्त कलली. अशा छाटलेल्या शेपटीच्या गाडीवर ‘डुएट्टो’चा बिल्ला दिसला, तर तो नंतर कुणीतरी हौसेने लावलाय.

चासी नंबर आणि इंजिन नंबर एकमेकांशी जुळवत बसणं

अमेरिकन गाड्यांवरचे लेख वाचून लोक येतात आणि दोन्ही नंबर सारखे नाहीत म्हणून हिरमुसतात. अल्फाचे ते सारखे नसतातच. पाहायचा असतो तो प्रकार क्रमांक. डुएट्टोचा चासी प्रकार १०५.०३ आणि तिच्या इंजिनवर ००५३६ ने सुरू होणारा ठसा. १७५० युरोपीय असेल तर १०५.५७ आणि ००५४८. दोन हजार सीसीची असेल तर १०५.२४ आणि ००५१२. डुएट्टोत ००५१२ सापडणं तसं नेहमीचं आहे. सगळी इंजिनं एकाच घराण्यातली, मोठं इंजिन सहज बसतं आणि गाडी पळते झकास. यात लबाडी काही नाही, फक्त ओरिजिनलची किंमत मोजू नका.

रिवेट मारलेल्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, ती नवी करून मिळते. इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर शोधा आणि अक्षरांपेक्षा त्यांच्या भोवतीचा पत्रा पाहा. घासल्याच्या रेघा, वेल्डिंगची कड, आजूबाजूपेक्षा वेगळ्या पोताचा रंग यांतलं काही दिसलं तर तिथेच थांबा.

कागदावरचं पहिल्या नोंदणीचं वर्ष हा आणखी एक चकवा. गाडी एका वर्षी बनते आणि विकली जाते दुसऱ्या वर्षी. नोंदणी १९६९ ची म्हणून ती १७५० असलीच पाहिजे, असं नाही. यावरचा पक्का उपाय म्हणजे मिलानजवळच्या आरेझे इथल्या अल्फाच्या संग्रहालयाच्या दफ्तरातून दाखला मागवणं. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, पहिल्यांदा कुठे विकली गेली हे त्यात येतं. सौदा करायच्या आधी हा दाखला पाहा. सौदा झाल्यावर तो पाहून फक्त झोप उडते.

वेबर दिसले की ओरिजिनल समजणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉनेट उघडल्यावर दोन आडवे वेबर कार्बोरेटर दिसले की बघणाऱ्याचे डोळे चमकतात. डुएट्टोला वेबरचे ४० डीसीओई होतेच. पण पुढच्या युरोपीय गाड्यांना कारखान्यातूनच कधी वेबर, कधी देल्लोर्तो, कधी सोलेक्स बसत. सोलेक्स बघून ‘हे कुणीतरी स्वस्तातलं लावलंय’ असं म्हणत ते काढून वेबर बसवणारे मालक मी पाहिले आहेत. पैसे खर्चून त्यांनी गाडीचं मूळपण घालवलं. वेबर असले तरी अंगावरची अक्षरं वाचा. जुने इटलीतल्या बोलोन्यात बनत, पुढे उत्पादन स्पेनला गेलं. १९६७ च्या गाडीवर स्पेनचा वेबर म्हणजे तो बदललेला आहे, इतकं सरळ.

अमेरिकेला गेलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. तिथल्या धुराच्या नियमांमुळे १९६९ च्या मॉडेलपासून अल्फाने तिथे कार्बोरेटर सोडून स्पिका कंपनीचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन दिलं. डिझेल पंपाच्या धर्तीचा पंप, क्रँकवरून दातेरी पट्ट्याने फिरणारा. १९८२ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन येईपर्यंत तेच चाललं. म्हणजे १९७४ च्या अमेरिकन स्पायडरवर झगमगीत वेबर दिसत असतील, तर तिथला ओरिजिनल भाग कधीच निघून गेलाय.

का निघून गेला? स्पिकात इंजिनच्या उष्णतेनुसार पेट्रोल कमी-जास्त करणारा एक छोटा भाग असतो, थर्मोस्टॅटिक अॅक्ट्युएटर. वयाने तो थकला की इंजिन तापल्यावरही गाडी थंडीतल्यासारखंच पेट्रोल पीत राहते. काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळे. मिस्त्री म्हणतो, ‘ही भानगडच काढून टाकू.’ एका भागाच्या दुखण्यावर सगळी यंत्रणा भंगारात जाते. तुमच्याकडे स्पिकाची गाडी असेल आणि हीच लक्षणं दिसत असतील, तर पंपाला हात लावण्याआधी तो अॅक्ट्युएटर तपासा. पंपाला स्वतःचा छोटा ऑइल फिल्टर असतो, तो तर कित्येक मालकांना माहीतच नसतो.

बिल्ला न वाचणं

अल्फाच्या गोल बिल्ल्यावर पूर्वी ‘मिलानो’, म्हणजे कंपनीच्या मिलान शहराचं नाव, लिहिलेलं असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नेपल्सजवळ पोमिल्यानो द’आर्कोला अल्फाच्याच ‘अल्फासुद’ गाडीचा कारखाना उभा राहिला, कंपनी एकट्या मिलानची उरली नाही आणि ‘मिलानो’ गेलं. १९६७ च्या नाकावर मिलानोविना बिल्ला असेल तर तो बदललेला. एवढ्यावरून गाडी नाकारू नका. पण बिल्ला का बदलावा लागला, हे विचारा. नाकाचा ठोकर खाल्लेला पत्रा पुष्कळदा या प्रश्नातूनच बाहेर येतो.

काचेखालचे डोळे आणि चाकांचं माप

हेडलाइटवर पारदर्शक प्लेक्सिग्लासची झाकणं हे पहिल्या पिढीचं रूप म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळे ती नसलेली गाडी लोकांना अपुरी वाटते आणि ते ती हौसेने लावून घेतात. ज्युनिअर कारखान्यातूनच झाकणांविना यायची, खर्च वाचवायला. अमेरिकेत १९६८ पासून नियमाने ती झाकणं चालेनाशी झाली. म्हणजे झाकणं नसणं हाच तिथला ओरिजिनलपणा.

चाकांचं एका ओळीत संपतं: डुएट्टोला १५ इंची, १७५० ला १४ इंची. टायरवरचा आकडा वाचायला खाली वाकावं लागतं, इतकंच.

आपल्याला उजव्या बाजूचं स्टिअरिंग सवयीचं, म्हणून त्यावर शंका येत नाही. डुएट्टो (१०५.०५) आणि १७५० (१०५.५८) या खरोखरच कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगच्या निघत. पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्याने ते थांबवलं. ऐंशीच्या दशकातली उजव्या स्टिअरिंगची स्पायडर म्हणजे ब्रिटनमध्ये नंतर बदलून घेतलेली.

रंगावर भाळणं, पत्रा न पाहणं

इटालियन गाडी म्हणजे लाल, हे डोक्यात इतकं बसलंय की पांढऱ्या, करड्या, हिरव्या स्पायडर पुन्हा रंगवताना लाल होऊन बाहेर पडतात. मूळ रंग लपत नाही. डिकीचं अस्तर उचला, दाराच्या आतला पॅनेल काढू देत असतील तर काढा, रबराच्या कडेखाली नख घाला, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. डिकीच्या झाकणाच्या आत रंगाचं लेबल टिकलं असेल, तर निम्मं काम झालं.

पण खरी परीक्षा बाजूच्या पन्हाळीची. गाडीचं रूप घडवणाऱ्या पिनिनफारिनाने तिच्या कुशीत पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत एक खोलगट रेघ घातली आहे. दार, मडगार्ड, मागचा पत्रा असे तीन तुकडे पार करत ती सलग जाते. ठोकलेल्या गाडीत नेमकी ही पन्हाळ परत आणणं सगळ्यांत कठीण, म्हणून पेंटर ती पुट्टीने भागवतो. उन्हात गाडीच्या मागे गुडघ्यावर बसा आणि कडेने बघा. रेघ कुठे उथळ होते, दाराच्या फटीजवळ तुटते का, एका बाजूची दुसरीसारखी आहे का? मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. ते जिथे निसटतं तिथे खाली पुट्टी आहे. दारांखालचे बॉक्स, जॅक लावायच्या जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा इथेही तेच. इथे नवा पत्रा मारलेला असणं वाईट नाही. गंजाच्या वरून मारलेला असणं वाईट.

आतली सजावट ‘सुधारणं’

ही चूक माझी स्वतःची. डुएट्टोचं मूळ स्टिअरिंग काळ्या प्लास्टिकचं, पातळ कड्याचं, दिसायला साधं. डॅशबोर्ड बॉडीच्याच रंगाने रंगवलेल्या पत्र्याचा. मला ते फारच गरीब वाटलं, म्हणून लाकडी कड्याचं देखणं स्टिअरिंग बसवून घेतलं. जुनं परत मागायचं सुचलं नाही. आठवड्याने विचारलं, तर गॅरेजवाल्याने ते केव्हाच टाकून दिलं होतं. तडा नसलेलं तसंच स्टिअरिंग शोधण्यात माझी दोन वर्षं गेली आणि लाकडी स्टिअरिंगच्या दुपटीहून जास्त पैसे.

पेडलही पाहा. डुएट्टोत ते जमिनीतून वर येतात. डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते दुसऱ्या पिढीपासून वरून लोंबते झाले, उजव्या स्टिअरिंगच्या मात्र जमिनीतूनच राहिले. डॅशवरची मीटर कधी वेलिया कंपनीची असतात, कधी येगरची, दोन्ही मूळचीच. एकाच गाडीत दोन्ही मिसळलेली दिसली, तर विचारा.

हे सगळं पाहून झाल्यावर विकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारा: ‘काढलेले भाग कुठे आहेत?’ ओळखीतल्या एका गृहस्थांनी वेबर लावलेली अमेरिकन स्पायडर अशीच पाहिली होती. मालक खांदे उडवत म्हणाला, पहिल्या मालकाच्या शेडमध्ये एक खोकं होतं खरं. फोन लावला, माणूस हयात होता. खोक्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्पिकाचा पंप निघाला, सगळ्या नळ्यांसकट. त्याने तो फुकट दिला, फक्त खोकं परत मागितलं.