डी अँड डी पहिल्यांदा खेळवताय? या चुका टाळा

सांगलीत आमचा पाचजणांचा ग्रुप रविवारी विश्रामबागला मित्राच्या गच्चीवर डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो (एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात, जमलं की नाही ते डाइस ठरवतो), आणि नवीन कुणी डीएम (डंजन मास्टर, गोष्ट रचून खेळवणारा) झाला की गाडी त्याच त्याच ठिकाणी अडकते म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढचा अख्खा रस्ता एकाच डाइसवर टांगून ठेवणं. मी पहिल्यांदा डंजन (पात्रं जिथं शिरतात ते भुयार) म्हणून हरिपूरची हळदीची पेवं घेतली होती, जमिनीखाली खोल, वर तोंड एवढंसं, याच्यापेक्षा भारी डंजन आपल्याकडं कुठंय. पण पेवाचं तोंड मातीखाली लपवलं आणि ते दिसायला २० बाजूंच्या डाइसवर १५ पाहिजे असं ठरवलं. शोधणाऱ्याचा मॉडिफायर (पडलेल्या आकड्यात मिळवायचा बोनस) +२, म्हणजे १३ किंवा जास्त पडायला हवं, २० पैकी ८ आकडे, ४० टक्के चान्स. नाही पडलं. मग अर्धा तास सगळे शेतात नुसते फिरतायत, काय करायचं कुणालाच कळेना, आणि एकजण मोबाईल काढून बसला.

जे सापडल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही ते सापडू द्या. डाइस टाकायचा तो त्याची किंमत ठरवायला. पेव सापडलं, पण फरशी सरकवताना आवाज झाला आणि राखणदार उठला. किंवा आत हवा खेळू न देता घाईनं उतरले आणि गुदमरायला लागले, आता कॉन्स्टिट्यूशनवर, म्हणजे पात्राच्या तब्येतीच्या आकड्यावर, डाइस टाका (खरं पेव उघडल्यावरही लगेच उतरत नाहीत). हरले तरी काहीतरी घडलंच पाहिजे.

दुसरं, दिसला राक्षस की उपस तलवार. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननी हा गेम काढला तो युद्धाच्या खेळांतूनच, म्हणून पुस्तकात लढाईचे नियम भरपूर आहेत आणि नवीन पोरांना वाटतं लढायलाच पाहिजे. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचा साठा, सहा ते आठ असतात हो, गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसाच्या एक-दोन फटक्यांत आडवा. पळता येतं, बोलता येतं, लाच देता येते, हे डीएमनं सुरुवातीलाच सांगावं.

कॅरेक्टर बनवण्यात पहिला रविवार घालवू नका. १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे पात्राच्या सहा गुणांत (ताकद, चपळाई, तब्येत वगैरे) वाटा, क्लास (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) निवडा, सुरू करा. बेसिक रूल्स फुकट मिळतात, तेवढ्यावर महिनोन्‌महिने खेळता येतं.

आणि गप्प बसणाऱ्याला "तू काय करतोस?" असं मोघम विचारू नका, तो "काही नाही" म्हणतो. "तुझ्या मागच्या भिंतीतून खरवडल्यासारखा आवाज येतोय, तू दोर सोडतोस का धरून ठेवतोस?" असं विचारा.