तान्ह्या बाळाला सर्दी झाली तर: नाक, दूध आणि श्वास

आधी ही सर्दीच आहे ना, ते बघून घ्यावं. पहिल्या दोन महिन्यांत बाळ दिवसातून कितीतरी वेळा शिंकतं, झोपेत नाक घुरघुरतं, आणि घरातलं कुणीतरी लगेच "छाती भरलीय" म्हणून मोकळं होतं. बाळाच्या नाकपुड्या इतक्या अरुंद असतात की दोन-तीन सुकलेल्या खपल्यांनीही आवाज येतो. नाक वाहत नाही, अंग गरम नाही, दूध नेहमीसारखं ओढतंय आणि झोपही लागतेय, तर त्या घुरघुरीवर काहीही करायचं नसतं. नाकातून पाणी किंवा शेंबूड येतोय, दूध पिता पिता बाळ सोडून देतं, चिडतं, घरात आणखी कुणाला सर्दी आहे, असं असेल तर सर्दी धरून चालावं.

सर्दी विषाणूंमुळे होते. साधारण 7 ते 10 दिवसांत जाते, खोकला मागे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. बहुतेक वेळा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी बरं दिसलं तरी लक्ष काढून घेऊ नये. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतं, हाही गैरसमज. तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, नाक बंद असलं की त्याला एकाच वेळी दूध आणि श्वास साधत नाही. सगळी खटपट करायची ती एवढ्यासाठी.

नाक मोकळं करणं

औषधाच्या दुकानातून 0.65 टक्के सोडियम क्लोराइडचे, म्हणजे साध्या मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणावेत. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचूनच घ्या: एकाच ब्रँडच्या नावाने सलाइनचे थेंब मिळतात आणि नाक उघडणाऱ्या औषधाचेही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असेल तर ते तान्ह्याला घालायचं नाही. त्याने बाळ सुस्त पडू शकतं, श्वास मंदावू शकतो. मिठाचं पाणी घरी करू नये. चिमूट कधी मोठी होते, आणि उरलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

वेळ दूध पाजण्याआधी 10 ते 15 मिनिटांची. पोट भरल्यावर नाकाला हात लावला की बाळ हमखास उलटी काढतं. हात साबणाने धुवा आणि थंड थेंबांनी बाळ दचकू नये म्हणून बाटली मिनिटभर मुठीत धरा. बाळाला मांडीवर उताणं घेऊन डोकं किंचित मागे झुकू द्या. प्रत्येक नाकपुडीत एक, फार तर दोन थेंब. बाटलीचं टोक नाकाला टेकवू नका, नाहीतर शेंबूड बाटलीत जातो. मग मिनिटभर थांबा. ही थांबायची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग थेंबांचा उपयोगच नाही म्हणतात. खपल्या भिजायला तेवढा वेळ लागतोच. पुष्कळदा बाळ शिंकतं आणि काम तिथेच होतं.

नाही झालं तर शेंबूड ओढून काढायचा रबरी फुगा. फुगा आधी बाहेर दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, मग हळूहळू सोडायचा. टोक लावल्यावर दाबला तर शेंबूड आणखी आत ढकलला जातो. टोक आत खुपसायचं नाही, दिवसात तीन-चार वेळांहून जास्त ओढायचंही नाही. आतली नाजूक त्वचा सुजते आणि नाक पुन्हा बंद होतं, तेही शेंबडाशिवाय. फुगा दर वेळी साबणाच्या कोमट पाण्यात दोन-तीनदा पिळून धुवा आणि तोंड खाली करून वाळवा. कापसाची काडी नाकात घालू नका. बाहेर आलेला शेंबूड कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती फडक्याने टिपावा.

दूध

अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, आईला सर्दी असली तरी. आईच्या अंगात तयार होणारी प्रतिद्रव्यं दुधातून बाळाला मिळतात. आईने मास्क लावावा, बाळाला घेण्याआधी हात धुवावेत. आईने स्वतःसाठी सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण काही गोळ्यांत असलेल्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होऊ शकतं.

नाक चोंदलेलं बाळ एका दमात पीत नाही. थोडं थोडं, पण लवकर लवकर पाजा, बाळाला जरा उभट धरून. सोडलं तर श्वास घेऊ द्या, पुन्हा लावा. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणं व्हायला हवं, रात्र धरून. ओढायचा कंटाळा करत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, ही भांडी आधी उकळून घेऊन. दूध पुरेसं जातंय का, ते लंगोट सांगतात: जन्मानंतरचा पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला निदान सहा ओले हवेत. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी, साखरपाणी, काढा काही द्यायचं नाही.

श्वास आणि ताप मोजणं

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. मोबाइलवर टायमर लावून पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका: या वयात बाळ काही वेळ भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. हे नेहमीचंच आहे, पण गुणाकाराने आकडा चुकतो. 60 किंवा त्याहून जास्त आले तर लगेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर दवाखाना गाठा. दोन महिने पूर्ण झालेल्या बाळाला ही मर्यादा 50 धरतात.

ताप डिजिटल थर्मामीटरने काखेत बघा. 97.7 ते 99.5 फॅरनहाइट ठीक. त्याहून वर गेला तर एक दुपटं कमी करून 15-20 मिनिटांनी पुन्हा बघा, कारण टोपडं, स्वेटर आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ तापतंच. तरीही उतरला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. 100.4 असेल तर थांबायचंच नाही. अंग गार पडणंही तितकंच वाईट. लहान बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर ताप येण्याऐवजी तापमान उतरू शकतं. 97.7 च्या खाली असेल तर आईच्या उघड्या छातीवर बाळाला घेऊन वरून पांघरूण घाला. तासाभरात वर आलं नाही तर दवाखान्यात न्या, 95.9 च्या खाली असेल तर त्याला तसंच छातीशी धरून लगेच निघा.

घरचे उपाय, जे बाजूला ठेवायचे

शेक-शेगडी आणि धुरी. ओवा, वावडिंग, वेखंड निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरावर धरायची रीत अजून अनेक घरांत आहे. धुराने सुजलेली श्वासनलिका आणखी आवळते, आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू आईलाही घातक. आंघोळ घालणाऱ्या बाईंना नाकात तेल सोडू नका, फुंकर मारू नका, असं आधीच सांगून ठेवा. तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. कापूर बाळाच्या अंगात भिनला की झटके येऊ शकतात, मग तो झबल्यात बांधायचाही नाही. छातीला चोळायचे बाम दोन वर्षांपर्यंत नकोत. वाफ आईने खुशाल घ्यावी, बाळाला गरम पाण्याजवळ आणू नये. मधातलं चाटण वर्षाच्या आत नाही: मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. ब्रँडीचा थेंब तर विचारूच नका.

सर्दी-खोकल्याची सिरपंही याच यादीत. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपमुळे मुलं दगावल्यावर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊ नयेत, असं बजावलं. पॅरासिटामॉलही या वयात स्वतःहून देऊ नका. ताप दबतो आणि कारण कळत नाही.

झोपवायचं पाठीवर, सपाट गादीवर. नाक मोकळं राहावं म्हणून डोक्याखाली उशी, अगदी मोहरीचीसुद्धा, नको. सर्दीत झोळी टाळा, कारण कापडात बाळ वळकटतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आणखी दबते.

लगेच निघायचं कधी

श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो, ओठ-जीभ निळसर दिसतात, श्वास 20 सेकंदांहून जास्त थांबतो, नेहमीच्या निम्मंही दूध जात नाही, उठवूनही बाळ उठत नाही, झटका येतो. यातलं एक जरी दिसलं तरी पुरे. डांग्या खोकल्यात इतक्या लहान बाळाला खोकला येतोच असं नाही, नुसता श्वास थांबू शकतो. शांत असताना निळं पडणारं आणि रडलं की गुलाबी होणारं बाळ असेल, तर नाकाची मागची वाट जन्मतः बंद असल्याची शंका घ्यावी. हे सर्दीचं काम नाही.

महाराष्ट्रात 108 ला फोन करा. जिल्हा रुग्णालयात 28 दिवसांपर्यंतच्या आजारी बाळांसाठी विशेष कक्ष असतो, आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण सरकारी दवाखान्यात मोफत आहे. वाटेत बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरा, नाक-तोंड उघडं ठेवून. सोबत डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आणि घरात काही दिलं असेल तर त्याची बाटली, मग ती घुटीची का असेना. लपवू नका, डॉक्टरांना तेच आधी कळायला हवं.